तळ्यात कोण आहे?

स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातली 'नेसी' ही गोष्ट म्हणून मला फार हुशार वाटते. १९३३ साली तळ्याकाठून नवा रस्ता झाला, गाड्या फिरू लागल्या आणि पाण्यात काहीतरी दिसल्याच्या बातम्या यायला लागल्या. १९३४मध्ये 'डेली मेल'ने लांब मानेचा तो प्रसिद्ध फोटो छापला. खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून तो काढला होता, हे १९९४मध्ये जगजाहीर झालं. २०१९मध्ये नील गेमेल आणि सहकाऱ्यांनी तळ्याच्या पाण्यातल्या डीएनएचे निष्कर्ष मांडले: सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर. तरी पर्यटक येतातच. नेसी सापडली तर तो एक प्राणी, नाहीच म्हटलं तर नुसतं तळं. धंदा चालतो तो या दोन्हींच्या मधल्या जागेत.

व्हिडिओ गेमला ही मधली जागा सहसा झेपत नाही. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये (१९९९) 'लेक ऑफ रेज' या तळ्यात लाल गॅराडोस भेटतो. कल्पना देखणी आहे. पण तो ठरलेल्या जागी, प्रत्येकाला, हमखास भेटतो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून सांगतो: ज्याचा पत्ता कोडमध्ये लिहिलेला आहे त्याची दंतकथा होत नाही. उलट 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये (२००४) बिगफूट हा केसाळ वानरमानव नाहीच. लोकांनी गेमच्या फाइली उघडून पाहिल्या, तरी त्या जंगलातला शोध थांबला नाही. नेसीची खरी भावंडं अशी, कोणी न लिहिलेली.

आपल्याकडे लोणारच्या तळ्याशी लवणासुराची कथा जोडलेली आहे. विष्णूने त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. कथा पुरी झाली, राक्षस संपला. त्यामुळे लोणारला जाणारा माणूस पाण्यात कोणाला शोधत नाही. २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही चर्चा झाली ती सूक्ष्मजीवांची.

जिवंत आहेत त्या साती आसरा. विहिरीकाठी, तळ्याकाठी शेंदूर फासलेले सात दगड, खण-नारळाची ओटी, आणि "भर दुपारी पाण्याकडे जाऊ नको, आसरा ओढतात" एवढी ताकीद. त्यांचा फोटो कोणी मागत नाही. नेसी माणसाला काठावर आणते, गॅराडोस त्याला जिंकायला लावतो, आसरा मागे सरकायला सांगतात. पाणी तुमचं नाही, हे सांगणारी या तिघांतली ही एकच गोष्ट. म्हणून मला ती सरस वाटते. पण ती निष्पाप नाही. विहिरीत सापडलेल्या सुनेबद्दल "आसरांनी नेलं" म्हटलं, की तिला विहिरीपर्यंत कोणी नेलं हा प्रश्न कोणी विचारत नाही. नेसीच्या खोट्या फोटोने कोणाचं फारसं बिघडलं नाही. इथे बिघडू शकतं.

मी राहतो त्या दिंडोशीपासून विहार तलाव लांब नाही. १८६०च्या सुमारास मुंबईला पाणी द्यायला तो बांधला. त्यात मगरी आहेत, अगदी खऱ्या. पण त्याच्याबद्दलची एकही भीतीची गोष्ट आमच्या सोसायटीत मी ऐकलेली नाही. काठावर जायला मनाई, धुण्याला-पोहण्याला कोणी जात नाही. पाण्याशी आमचा संबंध काय तो नळापुरता. ज्या काठावर माणसाची ये-जा नाही, तिथल्या पाण्यात आसरा राहत नाहीत. फक्त मगर राहते.