व्हिटनीचे संस्कृत व्याकरण आणि प्रयोगाचे प्रामाण्य

विल्यम ड्वाइट व्हिटनी (१८२७–१८९४) ह्या अमेरिकन पंडिताविषयी आपल्याकडे दोन परस्परविरोधी वृत्ती आढळतात. पाणिनीची अवहेलना करणारा म्हणून त्याचा निषेध होतो. आणि अभ्यासाच्या मेजावर मात्र त्याचे व्याकरण उघडे असते. ही विसंगती केवळ सोयीची नसून तिचे मूळ व्हिटनीच्या विचारातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८४९ साली सुपीरियर सरोवराच्या परिसरातील भूगर्भीय पाहणीत व्हिटनी आपल्या थोरल्या बंधूचा साहाय्यक होता आणि फावल्या वेळात संस्कृत शिकत होता. पुढे येल येथे सॉल्सबरी, बर्लिनला वेबर आणि ट्यूबिंगेनला रोट ह्यांच्यापाशी त्याचे अध्ययन झाले. १८५४ पासून तो येल येथे संस्कृतचा प्राध्यापक होता. रोटसह त्याने संपादिलेली अथर्ववेदसंहिता १८५६ साली प्रसिद्ध झाली. नमुना कोठे मिळाला ह्याची नोंद केल्यावाचून तो स्वीकारावयाचा नाही, ही निसर्गशास्त्रज्ञाची शिस्त त्याच्या सर्व लेखनात दिसते.

१८७९ च्या ‘संस्कृत ग्रामर’चे सामर्थ्य ह्या शिस्तीतच आहे. रूप वैदिक की उत्तरकालीन, विपुल की विरळ, हे त्याने ग्रंथांच्या आधारे सांगितले. संस्कृतला इतिहास आहे ही जाणीव विद्यार्थ्याला पानोपानी करून देणारे असे व्याकरण त्यापूर्वी नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हीच शिस्त पुढे हट्टाचे रूप घेते. धातुपाठातील सुमारे दोन हजार धातूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रंथांत आढळत नाहीत, म्हणून ते वैयाकरणांनी कल्पिलेले असावेत, असा त्याचा कल होता. १८८५ च्या धातुकोशात त्याने प्रयोगसिद्ध धातूंनाच स्थान दिले. ह्यावर १८९४ साली ब्यूलरने उत्तर दिले. पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केलेल्या ह्या पंडिताने दाखविले की, ग्रंथांत न सापडणारे कित्येक धातू पाली, प्राकृत व अर्वाचीन देशी भाषांत जिवंत आहेत. ग्रंथांनी जे गमावले ते बोलींनी राखले होते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र ह्याहून निराळा आहे. १८६७ व १८७५ च्या आपल्या भाषाविषयक ग्रंथांत व्हिटनीने भाषा ही समाजसंस्था आहे, ती बोलणाऱ्यांच्या व्यवहारात जगते आणि परंपरेने संक्रांत होते, असे प्रतिपादिले. पुढे सोस्यूरनेही ह्या विचाराचे ऋण मान्य केले. भाषा जर बोलणाऱ्या समाजाची असेल, तर हस्तलिखितांत उरलेला भाग म्हणजे संपूर्ण भाषा नव्हे. आणि त्या समाजातच वावरणाऱ्या वैयाकरणाची साक्ष तपासून घ्यावयाची असते, झिडकारावयाची नसते. संस्कृतच्या बाबतीत व्हिटनी स्वतःच्या सिद्धांताशी एकनिष्ठ राहिला नाही.

ही उणीव त्याच्याच देशात भरून निघाली. लेनर्ड ब्लूमफील्डने (१८८७–१९४९) १९२७ साली पाणिनीच्या काही सूत्रांवर लेख लिहिला. १९३९ च्या मेनॉमिनी भाषेवरील निबंधात मूलरूपे कल्पून क्रमबद्ध नियमांनी प्रत्यक्ष रूपे सिद्ध करण्याची जी रीत त्याने अवलंबिली, तिचे पाणिनीय पद्धतीशी साधर्म्य उघड आहे. विशेष हे की, मेनॉमिनीच्या अभ्यासात त्याने भाषकांची साक्ष प्रत्यक्ष ऐकली होती.

तात्पर्य, व्हिटनीचा वारसा टाकाऊ नव्हे, पण तो विवेकाने घ्यावयास हवा. आज यंत्रांच्या साहाय्याने प्रचंड शब्दसंग्रह क्षणार्धात चाळता येतात; त्यामुळे ‘आढळत नाही’ म्हणजे ‘नाही’ हा मोह अधिकच बळावला आहे. रूप कोठे आढळते हे व्हिटनीकडून शिकावे. न आढळल्यास निर्णय देण्यापूर्वी बोलणाऱ्याकडे जावे. मराठीच्या बोलींवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तर ह्या दुसऱ्या पायरीचे विस्मरण मुळीच परवडणारे नाही.