साक्ष आणि उलटतपासणी

मराठी चर्चमध्ये ‘साक्ष देणं’ हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी ग्वातेमाला, हैती किंवा केनियात एक-दोन आठवड्यांची मिशन ट्रिप करून घरी परततात, तेव्हा तेही हेच करतात. रविवारी चर्चमध्ये, आणि आता इन्स्टाग्रामवरही. अशा साक्षी मी बऱ्याच वाचल्या, ऐकल्या. एक साहित्यप्रकार म्हणून त्या वाचायला हव्यात असं मला वाटतं, कारण त्यांचा साचा फार पक्का आहे.

विमानतळावर एकसारखे टी-शर्ट. मग धूळ, ऊन, हसरी मुलं. शाळेच्या भिंतीला रंग. शेवटच्या दिवशी रडू. आणि घरी आल्यावर हमखास येणारा निष्कर्ष: आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो, त्यांच्याकडे काही नाही, तरी ते किती आनंदी आहेत!

यातलं रडू खोटं असतं असं मी म्हणणार नाही. विशीतल्या मुलाला पहिल्यांदाच आपल्या सुखाची लाज वाटते, ही लहान गोष्ट नाही. अडचण साच्यात आहे, आणि तो बराचसा पैशातून आला आहे. अनेक विद्यार्थी नातेवाईक, शेजारी, चर्चचे सभासद यांना पत्रं लिहून प्रवासखर्च उभा करतात. परतल्यावर ते साक्ष देतात तेव्हा समोर हेच देणगीदार बसलेले असतात. म्हणजे साक्ष ही पावतीही असते. ‘तिथे आमची फारशी गरज नव्हती’ असं पावतीवर कोण लिहील?

या साक्षीची सगळ्यात कडक उलटतपासणी एका कॅथलिक धर्मगुरूनेच घेतली. इव्हान इलिच मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे एक केंद्र चालवायचा. लॅटिन अमेरिकेत निघालेले मिशनरी तिथे स्पॅनिश शिकत. एप्रिल १९६८मध्ये, उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्याने भाषण केलं. ‘टू हेल विथ गुड इन्टेन्शन्स’ या नावाने ते आजही वाचलं जातं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, मदत करायला येऊ नका. ‘पण तिथे जाऊन आम्ही बदललो’ हा बचावही तो चालू देत नाही. तुम्हाला उशिरा सुचलेल्या शहाणपणाची किंमत त्या गावाने का मोजावी? आणि गरिबांमध्येच काम करायचं असेल, तर जे तुम्हाला तोंडावर ‘चालते व्हा’ म्हणू शकतील अशा गरिबांमध्ये करा.

२०१२मध्ये टेजू कोलने ‘गोऱ्या तारणहारां’वर लिहिलं, २०१६मध्ये ‘बार्बी सेव्हियर’ या इन्स्टाग्राम अकाउंटने बाहुलीचे फोटो टाकून याच सेवेची टर उडवली. मला मात्र इलिच या दोघांपेक्षा जास्त बोचतो, कारण तो ज्यांना सुनावतोय ते समोर बसले आहेत, आणि तो स्वतःही त्याच चर्चचा आहे.

तरीही या भाषणात एक मोठी उणीव आहे. ज्या गावांची बाजू इलिच मांडतो, त्यातल्या एकाही माणसाचा आवाज भाषणात नाही. विद्यार्थ्यांच्या साक्षीत गावकरी हसतात. इलिचच्या भाषणात ते अपमान सोसतात. बोलत कुठेच नाहीत. खटला ज्यांचा, त्यांनाच कोर्टात बोलावलेलं नाही.

ते बोलले तर काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. १८८६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात मिशनरी होण्याची तयारी दाखवली. त्यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ उभी राहिली. या सगळ्यात पुढे असलेला रॉबर्ट वाइल्डर जन्मला होता कोल्हापुरात, १८६३ साली, मिशनऱ्याच्या घरी. ही मुलं दोन आठवड्यांसाठी निघत नव्हती. जिथे जायचं तिथली भाषा शिकणं आलंच. अमेरिकन मराठी मिशन तर १८४२पासून ‘ज्ञानोदय’ काढत होतं. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. त्यांच्यामागे साम्राज्याची सावली होतीच. पण भाषा शिकलेल्या माणसाला एक धोका पत्करावा लागतो: समोरचा उलट बोलू शकतो, आणि ते आपल्याला समजतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी म्हणूनच या साक्षींच्या शेजारी ठेवते. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई आणखी काही वर्षांनी, आपल्या गतीने, आपल्याशी भांडत. १९३४मध्ये पहिला भाग आलेल्या या पुस्तकात मिशनरी आहेत, पण ते बाईंच्या नजरेतून दिसतात. त्यांना जोखते ती घर चालवणारी, हजरजबाबी बाई. जिथे मिशन पोचलं, तिथल्या बाजूची ही साक्ष. तिच्यात श्रद्धा आहे आणि विनोदही. पावती मात्र नाही.

मग सहलीहून घरी आलेल्या मुलीने रविवारी काय बोलावं? गप्प राहा, असं मी सांगणार नाही. तिने एवढंच सांगावं: ज्यांच्या घरी जेवले त्या बाईंनी मला काय विचारलं, भिंत रंगवायची हे कोणी ठरवलं, आणि कुणाला आमचं येणं आवडलं नाही. उत्तरं माहीत नसतील, तर तेही मंडळीसमोर बोलावं. देणगीदारांना ते ऐकायची सवय लागेल.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरातून परतल्यावर आपण जी पोस्ट टाकतो, तिच्यात आपली नावं टॅग केलेली असतात. फोटोतल्या गावकऱ्याचं नाव कुठे असतं, ते एकदा बघा.