तक्त्यातले ‘ड’ जीवनसत्त्व

जीवनसत्त्वांचा तक्ता आपण सर्वांनी शिकवलेला आहे. ‘ड’च्या ओळीत बहुधा असे असते : स्रोत – दूध, अंडी, कोवळे ऊन, अभावाने होणारा रोग – मुडदूस. परीक्षेपुरते हे ठीक आहे. विज्ञान म्हणून तपासले, तर या एका ओळीत तीन उणिवा सापडतात.

पहिली उणीव ‘कोवळे ऊन’ या शब्दांत आहे. उन्हात जीवनसत्त्व नसते. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले, की तेथील कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ते तयार होते. सकाळी सूर्य खाली असतो, किरणांना वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करावा लागतो आणि नेमके हेच किरण ओझोन थरात बव्हंशी शोषले जातात. म्हणजे कोवळे ऊन सुखद खरे, पण या कामी फारसे उपयोगाचे नाही. ढोबळ नियम असा की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगी. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला वेळ अधिक लागतो, कारण मेलॅनिन हे किरण शोषून घेते. दुधाचे म्हणाल, तर मुद्दाम ‘ड’ मिसळले नसेल तर त्यात ते नगण्यच असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मुडदूस म्हणजे केवळ ‘ड’चा अभाव नव्हे. ‘ड’चे मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करणे हे आहे. आहारात कॅल्शियमच नसेल, तर ते शोषणार काय? नायजेरियातील मुडदूस झालेल्या १२३ मुलांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तेथे ऊन भरपूर, पण या मुलांच्या आहारात कॅल्शियम फार कमी होते. २४ आठवड्यांनंतर केवळ ‘ड’ दिलेल्यांपैकी १९ टक्के मुले ठरवलेल्या निकषापर्यंत सुधारली. केवळ कॅल्शियम दिलेल्यांपैकी ६१ टक्के. म्हणून या ओळीत नाचणीलाही जागा हवी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

तिसरी उणीव तक्त्याच्या रचनेत आहे. ‘अभाव म्हणजे रोग’ एवढेच शिकलेला विद्यार्थी मोठेपणी ‘जास्त म्हणजे आरोग्य’ असे सहज धरून चालतो. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज २,००० एकके ‘ड’ दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. सरासरी पाच वर्षांनंतर कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण ‘ड’मुळे घटलेले दिसले नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. मात्र यावरून ‘ड’ निरुपयोगी ठरत नाही. त्या लोकांपैकी बहुतेकांच्या शरीरात ते आधीच पुरेसे होते. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतून काय होणार? उलट गोळ्यांचा अतिरेक झाला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

तक्ता काढून टाकावा असे मी म्हणत नाही. ‘ड’ची ओळ शिकवताना मुलांना मैदानात न्यावे आणि आठ, दहा व बारा वाजता स्वतःची सावली मोजायला सांगावे. मग विचारावे : तक्त्यातले ‘कोवळे’ हे विशेषण ठेवायचे का?