चित्रपटातील पंक: वेष आणि व्यक्ती

1986 साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील चौथ्या चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. भविष्यकाळातून सॅन फ्रान्सिस्को शहरात उतरलेले कर्क आणि स्पॉक बसने चालले आहेत. त्याच बसमध्ये रंगविलेल्या केसांचा तुरा मिरविणारा एक तरुण कर्कश गाणे लावून बसला आहे. आवाज कमी करावयास सांगताच तो आवाज आणखी वाढवितो आणि बोटाने अश्लील खूण करतो. स्पॉक त्याच्या मानेला चिमटा घेतो. तरुण बेशुद्ध पडतो, गाणे थांबते आणि बसमधील उतारू टाळ्या वाजवितात. प्रसंग विनोदी आहे व त्याची बांधणीही चोख आहे. परंतु त्या टाळ्यांत चित्रपटगृहातील प्रेक्षकही मनोमन सामील होतो. तो इतक्या सहजपणे का सामील होतो, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. ह्या तरुणाला नाव नाही, पूर्वेतिहास नाही. श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख केवळ 'बसमधील पंक' असा आहे. तो कोण व त्याची लायकी काय, हे त्याच्या डोक्यावरील तुऱ्यानेच परस्पर सांगून टाकलेले असते.

भरताने सांगितलेल्या अभिनयाच्या चार प्रकारांपैकी आहार्य हा वेष, रंग आणि अलंकार यांचा अभिनय. पात्र बोलू लागण्यापूर्वीच त्याची जात ओळखू यावी, हे आहार्याचे एक प्रमुख कार्य होय. पंक ह्या उपसंस्कृतीकडे चित्रपटाने बहुतांशी ह्या एकाच खिडकीतून पाहिले. तिचे वाचिक त्याने गोंगाट म्हणून सोडून दिले आणि सात्त्विकाची तर चौकशीच केली नाही. चित्रपट ही दृश्यकला असल्यामुळे हे घडणे अपरिहार्य होते, असे कोणी म्हणेल. परंतु ही सबब फारशी टिकणारी नाही. दृश्यकलेचे सामर्थ्य वेष दाखविण्यात नसून वेष आणि तो धारण करणारा देह यांच्यामधील अंतर दाखविण्यात असते.

पंकांच्या बाबतीत तर हे अंतर हाच आशयाचा गाभा होता. 1976 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली होती. त्या काळी लंडनच्या किंग्ज रोडवरील व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरन यांच्या दुकानात जे कपडे शिवले जात, त्यांतील एका सदऱ्यावर कार्ल मार्क्सचे चित्र आणि नाझींचे चिन्ह एकत्र आढळे. एका चिन्हाने दुसऱ्याचा अर्थ खोडून काढावा, पाहणाऱ्याला कोणताच निर्णय घेता येऊ नये, असा तो खेळ होता. सेफ्टी पिन वस्त्र जोडण्यासाठी असते. ती गालाला वा फाटक्या कोटाला लावली की तिचा उपयोग संपतो आणि प्रश्न सुरू होतो. हा खेळ नेहमीच निरागस होता असे नव्हे. नाझी चिन्ह मिरविण्यातील बेजबाबदारपणा कोणत्याही उपरोधाने धुऊन निघत नाही. तरीही तो वेष म्हणजे एक वक्रोक्ती होती, आणि चित्रपटाने तिचे शब्दशः भाषांतर केले. वक्रोक्तीचे शब्दशः भाषांतर केले असता काय होते, हे कोणत्याही अनुवादकास ठाऊक असते: मूळ वाक्य वेडगळ तरी वाटते किंवा भयंकर तरी. (संस्कृतातील 'पंक' म्हणजे चिखल, त्या शब्दाशी ह्या इंग्रजी शब्दाचा काही संबंध नाही. परंतु तोही मुळात तुच्छतादर्शकच, आणि ज्यांना तो फेकून मारण्यात आला त्यांनी तो उचलून कपाळी लावला.)

डिक हेब्डिज यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपसंस्कृतीविषयक ग्रंथात असे दाखविले आहे की, रूढ समाज अशा बंडाला दोन मार्गांनी पचवून टाकतो. एक तर त्याची विक्रेय वस्तू बनवितो, किंवा त्याला राक्षस अथवा विदूषक ठरवून त्याचा अर्थच काढून घेतो. अमेरिकेतील व्यावसायिक चित्रपटांनी दुसरा मार्ग पत्करला. 1982 च्या 'क्लास ऑफ 1984' मध्ये शाळेतील टोळीचा म्होरक्या एका क्षणी पियानोपुढे बसतो आणि उत्तम वाजवितो. त्या क्षणी एक व्यक्ती जन्मास येऊ पाहते. पण पटकथेला तिचे काही काम नसल्यामुळे तो पुन्हा गुंड होतो. त्याच वर्षी 'क्विन्सी' ह्या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागाने तरुणाच्या खुनाचे खापर थेट पंक संगीतावर फोडले. पुढे खऱ्या पंकांनी नकली पंकाला 'क्विन्सी पंक' असेच नाव दिले. 1984 च्या 'द टर्मिनेटर'मध्ये तर ह्या साऱ्या व्यवहाराचे रूपकच नकळत साकार झाले आहे. भविष्यातून आलेले यंत्र लॉस एंजेलिसमध्ये रात्री तीन पंकांना गाठते. त्याला त्यांच्याकडून हवे असतात ते फक्त कपडे.

आणखी एक गंमत सांगावयास हवी. लंडनच्या 1976–77 मधील पंकांत उंच तुऱ्याची केशरचना क्वचितच दिसे. ती रूढ झाली 1980 नंतर. परंतु 1981 च्या 'मॅड मॅक्स 2'मध्ये भविष्यातील रानटी टोळीच्या डोक्यावर ती विराजमान झाली आणि पंक म्हणजे तुरा हे समीकरण जगभर पक्के झाले. पुढे कित्येक तरुणांनी आपले पंकपण बेतले ते ह्याच पडद्यावरील चित्रावरून. आरशानेच चेहरा घडवावा, असा हा प्रकार होय.

ह्या सांकेतिकतेच्या बाहेर पडण्याचा पहिला मोठा प्रयत्न डेरेक जार्मन यांच्या 'जुबिली' (1978) ह्या चित्रपटाने केला. पहिली एलिझाबेथ राणी जॉन डी ह्या आपल्या मांत्रिकाच्या साहाय्याने भविष्यातील इंग्लंड पाहते आणि तिला दिसतात ते मोडकळीस आलेले रस्ते व हिंस्र मुली, अशी त्याची कल्पना आहे. वेस्टवूड यांना हा चित्रपट इतका नापसंत पडला की त्यांनी जार्मन यांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र एका टी-शर्टावर छापून विकावयास ठेवले! त्यांच्या रागात तथ्य होते. जार्मन यांची दृष्टी चित्रकाराची आहे. पंकांचा संताप त्यांना रंगाप्रमाणे मोहवितो आणि त्या संतापामागील पोटाचा प्रश्न त्यांच्या हातून निसटतो. परंतु एक गोष्ट त्यांनी त्या चळवळीच्या धुरिणांपेक्षा आधी ओळखली. चित्रपटाच्या अखेरीस ह्या बंडखोर मुली प्रसारमाध्यमांच्या सम्राटाशी करार करून डॉर्सेटमधील सुरक्षित हवेलीत जाऊन राहतात. पंकाची विक्री होणार, आणि ती पंकांच्या सहीनेच होणार, हे 1978 मध्ये म्हणावयास धैर्य लागते.

पेनेलोपी स्फीरिस यांची वाट निराळी. लॉस एंजेलिसमधील पंक गायकवादकांवरील त्यांचा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' हा अनुबोधपट 1981 मध्ये आला, तेव्हा तो शहरात पुन्हा दाखवू नये असे पत्र तेथील पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी पाठविले. 2016 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करावयाच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या सूचीत तोच समाविष्ट केला. ह्या चित्रपटात मारामाऱ्या आहेत, शिवीगाळ आहे, आणि स्फीरिस यांना त्यांचे आकर्षण नाही असे मुळीच म्हणता येणार नाही. परंतु गाणी थांबतात आणि कॅमेरा घरांत शिरतो, तेव्हा चित्रपटाचा सूर पालटतो. 'ब्लॅक फ्लॅग' ह्या वाद्यवृंदातील तरुण एका जुन्या चर्चच्या इमारतीत राहतात. त्यांचा गायक आपली कपाटाएवढी खोली दाखवितो. 'जर्म्स'चा डार्बी क्रॅश स्वयंपाकघरात काहीतरी तळीत उभा असतो. मंचावर ज्याचे शब्दही नीट कळत नव्हते, तो येथे मृदू, गोंधळलेला, थोडासा हरवलेला मुलगा वाटतो. डिसेंबर 1980 मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, तो मृत्यू पावला. त्या स्वयंपाकघरातील काही मिनिटे वगळली तर त्याची जी प्रतिमा मागे उरली असती, ती पोलीसप्रमुखांच्या कल्पनेहून फारशी वेगळी नसती.

त्यानंतरच्या 'सबर्बिया' (1983) ह्या कथापटात स्फीरिस यांनी प्रमुख भूमिका बव्हंशी खऱ्याखुऱ्या पंक तरुणांना दिल्या. त्यांचा अभिनय कच्चा आहे, संवाद पाठ केल्यासारखे म्हटले जातात, आणि तरीही व्यावसायिक नटांच्या शेकडो आविर्भावांत नसलेले काहीतरी त्यांत आहे. घरातून पळालेली ही मुले महामार्गालगतच्या ओसाड वसाहतीत एकत्र राहतात. कोणी दारुड्या आईला कंटाळलेला, कोणी बापाच्या अत्याचारातून सुटलेली. रूढ पंकपटात टोळी ही कुटुंबावर चाल करून येते. येथे कुटुंब मोडल्यामुळे टोळी जन्मते, आणि चाल करून येतात ते बंदुका बाळगणारे सभ्य नागरिक. शेवटी मरतो तो एक लहान मुलगा. चित्रपट भाबडा आहे. परंतु त्याने कार्यकारणाची दिशा बदलली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

ॲलेक्स कॉक्स यांचा 'सिड अँड नॅन्सी' (1986) कलादृष्ट्या ह्याहून कितीतरी सफाईदार आहे. गॅरी ओल्डमन यांचा अभिनय तर विलक्षणच. पण ह्या सफाईनेच घात केला आहे. नॅन्सी स्पंजन 1978 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात भोसकली गेली. सिड व्हिशस त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हेरॉइनने मेला. ह्या दोन जिवांच्या नाशाला कॉक्स लैला-मजनूच्या कथेचा घाट देतात. गल्लीत चुंबन घेणाऱ्या जोडप्यावर वरून कचरा संथगतीने, जणू पुष्पवृष्टी व्हावी तसा, पडत राहतो. दृश्य अविस्मरणीय आहे आणि खोटे आहे. येथे गुंडाच्या साच्याऐवजी शापित प्रेमिकाचा साचा येतो इतकेच. साचा गोड झाला म्हणून तो साचा राहत नाही असे नव्हे.

साच्याचा दुसरा दोष असा की तो कोणाला दाखवितो यापेक्षा कोणाला वगळतो हे अधिक बोलके असते. चित्रपटातील पंक हा बहुधा गोरा पुरुष असतो. वास्तविक लंडनच्या 'रॉक्सी' क्लबात तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स ह्या जमैकन वंशाच्या तरुणाकडे होते. पंकांच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नसल्यामुळे तो रेगे वाजवी, आणि तेथेच त्याने सुपर-8 कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांतून 1978 चा 'द पंक रॉक मूव्ही' तयार झाला. 'एक्स-रे स्पेक्स'ची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते. तिच्यावरील अनुबोधपट यावयास 2021 साल उजाडावे लागले, आणि तोही तिच्या मुलीने सहदिग्दर्शक होऊन केला. ब्रिटनमधील आशियाई तरुणांनी 1979 मध्ये 'एलियन कल्चर' नावाचा पंक वाद्यवृंद काढला होता. परकी संस्कृती आपल्याला बुडवील, ह्या मार्गारेट थॅचर यांच्या उद्गारांना दिलेले ते उत्तर होते. बसमधील त्या पंकाला पाहून टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाला हे चेहरे पंक म्हणून ओळखताच आले नसते. इयाद झहरा यांच्या 'द तकवाकोअर्स' (2010) मध्ये एका मुस्लिम तरुणीच्या बुरख्यावर पंक वाद्यवृंदांच्या नावांची ठिगळे शिवलेली आहेत. ज्यांवरून माणसाचा निकाल चटकन लावला जातो असे दोन वेष येथे एकाच देहावर आले आहेत, आणि दोन्ही निकाल एकमेकांत अडकून पडतात.

लुकास मूदिसॉन यांचा स्वीडिश चित्रपट 'वी आर द बेस्ट!' (2013) ह्या साऱ्यांत लहान वाटेल, कारण त्यात कोणी मरत नाही. पत्नी कोको मूदिसॉन यांच्या चित्रकादंबरीवर तो आधारलेला आहे. 1982 सालचे स्टॉकहोम. बोबो आणि क्लारा ह्या तेरा वर्षांच्या मुली. पंक केव्हाच मेले, असे त्यांना जो तो सांगतो. युवक केंद्रातील तालमीची खोली अडवून बसलेल्या मोठ्या मुलांना धडा शिकविण्यासाठी त्या तिची नोंदणी करतात आणि न येणारी वाद्ये बडवू लागतात. गाण्याचा विषय असतो शाळेतील खेळाच्या तासाविषयीचा तिटकारा. जगाच्या अन्यायापुढे हा विषय हास्यास्पद आहे, हे मूदिसॉन जाणतात. पण तेराव्या वर्षी अन्याय ह्याच आकाराचा असतो, हेही ते जाणतात. हेडविग ही धर्मनिष्ठ घरातील, शास्त्रीय गिटार वाजविणारी एकाकी मुलगी त्यांना येऊन मिळते आणि सूर कसा धरावा हे शिकविते. पंकांना संगीत येत नाही ह्या जुन्या थट्टेचा येथे नकळत निकाल लागतो: येत नाही म्हणून त्या शिकत आहेत, आणि शिकता शिकताच वाजवीत आहेत.

क्लाराच्या डोक्यावर तुरा आहे. पण दिग्दर्शक त्याकडे बोट दाखवीत नाही. केसांचा जो प्रसंग लक्षात राहतो तो हेडविगचा. दोघी मैत्रिणी तिचे लांब केस कापतात, आणि कापून झाल्यावर खोलीत जी शांतता पसरते तीत उत्साह, भीती आणि केलेले आता परत फिरविता येणार नाही ही जाणीव एकदम येते. मग हेडविगची आई त्या दोघींपुढे येऊन बसते आणि शांतपणे बोलू लागते. तिलाही चित्रपटाने खलनायिका केलेले नाही. आपल्या मुलीचे काय झाले, हे तिला खरोखरच समजून घ्यावयाचे आहे, आणि समोरच्या दोन मुलींपाशी त्याचे धड उत्तर नाही.