अकरावीच्या बीजगणितातील प्रांत आणि विस्तार : व्याख्या, स्वाध्याय आणि भास्कराचार्यांची उदाहरणे

प्रस्तावना

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतील ग्रामीण भागातून विज्ञान शाखेकडे येणाऱ्या विद्यार्थ्याचे दहावीपर्यंतचे शिक्षण बहुधा मराठी अथवा सेमी इंग्रजी माध्यमातून झालेले असते. नववीत त्याने ‘संच’ हे प्रकरण अभ्यासलेले असते, दहावीत वर्गसमीकरणे सोडविलेली असतात. फलन ही संकल्पना मात्र त्याला अकरावीत प्रथमच भेटते, आणि तीही इंग्रजीतून. राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावी गणित पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात संच व संबंध आणि फलने ही प्रकरणे लागोपाठ येतात. ‘डोमेन’ आणि ‘रेंज’ हे दोन शब्द विद्यार्थी लवकर पाठ करतो, परंतु ते कशासाठी हवेत हे त्याला वर्षअखेरपर्यंत उमगत नाही. या अडचणीचे खापर सामान्यतः माध्यमबदलावर फोडले जाते. ते अंशतःच खरे आहे. अडचणीचे मूळ भाषेपेक्षा विषयाच्या मांडणीत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. लेखात डोमेनसाठी ‘प्रांत’ आणि रेंजसाठी ‘विस्तार’ हे शब्द योजिले आहेत.

व्याख्या आणि स्वाध्याय यांतील विसंगती

पाठ्यपुस्तकी व्याख्येनुसार, अ या संचातील प्रत्येक घटकाशी ब या संचातील एक आणि एकच घटक जोडणारा संबंध म्हणजे फलन होय. येथे अ हा संच, म्हणजेच प्रांत, आधीच दिलेला आहे. प्रांताशिवाय फलन अस्तित्वातच येत नाही. असे असताना पुढील स्वाध्यायात विद्यार्थ्यास फलन देऊन त्याचा प्रांत शोधण्यास सांगितले जाते. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकातील फ(क्ष) = √(९ − क्ष²) हे याचे परिचित उदाहरण. जे व्याख्येत दिलेले होते तेच आता शोधायचे कसे, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहिला तर तो चुकीचा नाही. वस्तुतः तो वर्गातील सर्वात चांगला प्रश्न ठरावा.

या विसंगतीमागे इतिहास आहे. ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथात फलन म्हणजे चल आणि स्थिर राशींपासून बनलेली पदावली, थोडक्यात सूत्र, होते. डिरिक्लेने १८३७ मध्ये सूत्राची अट सैल केली, आणि बूरबाकी गटाने १९३९ मध्ये संचांच्या भाषेत फलनाची व्याख्या केली. शालेय पुस्तकांनी व्याख्या या शेवटच्या टप्प्यावरून घेतली, स्वाध्याय मात्र पहिल्याच टप्प्यावर राहिले. ‘प्रांत काढा’ या आज्ञेचा खरा अर्थ असा आहे : दिलेल्या सूत्रात ज्या ज्या वास्तव संख्या घातल्या असता वास्तव उत्तर मिळते, अशा सर्व संख्यांचा संच लिहा. हा संकेत आहे, सिद्धान्त नव्हे. तो एका वाक्यात सांगता येतो, पण वर्गात तो क्वचितच सांगितला जातो. त्याऐवजी ‘छेद शून्य नको, मूळचिन्हाखाली ऋण नको’ असे दोन निषेध विद्यार्थ्याच्या वहीत उतरतात.

भास्कराचार्यांची उदाहरणे

हे दोन्ही निषेध आणि त्यांपलीकडचा तिसरा विचार मराठी विद्यार्थ्यास परका नाही. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती मिळते आणि ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव याने तेथे मठ स्थापन केला, त्या भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितात वानरांच्या कळपांची दोन उदाहरणे आहेत. भास्कराचार्यांजवळ फलनाची संकल्पना नव्हती आणि ती त्यांच्यावर लादणे अनैतिहासिक ठरेल. तथापि, सूत्र काय देते आणि प्रश्न काय स्वीकारतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव या उदाहरणांत स्पष्ट दिसते.

पहिल्या उदाहरणात कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी वानरे वनात बागडत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. कळपातील वानरांची संख्या क्ष मानल्यास (क्ष/८)² + १२ = क्ष हे समीकरण मिळते. त्याची मुळे ४८ आणि १६. दोन्ही मुळे पडताळून पाहता येतात आणि दोन्ही ग्राह्य ठरतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. येथे (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, आणि मुळे ५० व ५. केवळ बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही बिनचूक आहेत : ५० साठी ४९ + १ आणि ५ साठी ४ + १. परंतु ५ चा पाचवा भाग १, त्यातून तीन वजा जाता ऋण दोन उरतात. वर्ग केल्यावर ऋण चिन्ह नाहीसे होते खरे, पण एका वानरातून तीन वानरे वजा कशी करायची? लोकांचा अशा ऋण राशीवर विश्वास बसत नाही, असे कारण देऊन भास्कराचार्य दुसरे मूळ नाकारतात. आजच्या भाषेत, क्ष चा प्रांत पाचच्या पटीतील आणि १५ हून कमी नसणाऱ्या पूर्णांकांचा आहे. हा प्रांत सूत्राने दिलेला नाही, तो प्रश्नाने दिलेला आहे.

मूळचिन्हाखालील ऋण संख्येबाबतही भास्कराचार्य निःसंदिग्ध आहेत : ऋण संख्या हा कोणाचाच वर्ग नसल्याने तिला मूळ नाही. केवळ निषेध न सांगता कारण सांगणारे हे विधान आजच्या वर्गातही पुरेसे आहे. शून्याने भागण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे निरपवाद कौतुक करता येत नाही. छेदात शून्य असलेल्या राशीला त्यांनी खहर म्हटले आणि तिच्यात काही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे मानले. पण लीलावतीतील एका उदाहरणात शून्याने गुणलेली आणि पुढे शून्यानेच भागलेली राशी त्यांनी दोन्ही शून्ये काटून सोडविली व उत्तर १४ काढले. आजच्या उत्तरपत्रिकेत (क्ष² − ४)/(क्ष − २) मधील क्ष − २ काटून क्ष + २ लिहिणारा आणि प्रांत सर्व वास्तव संख्यांचा सांगणारा विद्यार्थी याच वाटेने जातो. येथे प्रांतातून २ वगळावा लागतो आणि परिणामी विस्तारातून ४ गळतो. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचेही पाऊल जेथे घसरले, तेथे विद्यार्थ्याला निष्काळजी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने थोडे थांबावे हे उचित.

विस्तार काढण्याची रूढ रीत

विस्तारासाठी वर्गात एकच रीत सांगितली जाते : य = फ(क्ष) लिहून क्ष ला य च्या रूपात मांडा आणि य वर येणाऱ्या अटी पाहा. वरील √(९ − क्ष²) या फलनास ही रीत लावल्यास य² = ९ − क्ष², म्हणून क्ष = ±√(९ − य²), आणि य हा −३ ते ३ यांदरम्यान असल्याचे दिसते. उत्तर चुकीचे आहे. √ हे चिन्ह ऋण नसलेले मूळच दर्शविते, म्हणून विस्तार ० ते ३ आहे. दोन्ही बाजूंचा वर्ग करताना य ≥ ० ही अट हातातून निसटली. भास्कराचार्यांच्या कळपात ५ हे मूळ जसे वर्गामुळे शिरले, तसेच येथे ऋण य शिरतो. सांगितलेल्या रीतीत पडताळणीची पायरीच नाही, हा तिचा खरा दोष होय.

प्रांत बदलला की विस्तार बदलतो, हेही या रीतीतून कळत नाही. वसमत परिसरात हळद वाळविण्यासाठी १०० मीटर दोराने आयताकृती जागा आखायची आहे असे मानू. एक बाजू क्ष मीटर असल्यास क्षेत्रफळ क्ष(५० − क्ष) चौरस मीटर. सूत्र तेवढे पाहिले तर क्ष कोणतीही वास्तव संख्या असू शकते आणि विस्तार ६२५ पर्यंतच्या सर्व वास्तव संख्यांचा, म्हणजे ऋण क्षेत्रफळांसह, होतो. दोर हातात घेतल्यावर मात्र क्ष ० आणि ५० यांच्या मध्येच राहतो, आणि विस्तार ० हून अधिक व ६२५ पर्यंतचा उरतो. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. अंतर कोणतीही धन संख्या असली तरी टप्प्यांची संख्या १, २, ३ अशीच येते. या फलनास सोपे बीजगणितीय सूत्र नाही, ‘क्ष ला य च्या रूपात मांडणे’ तर अशक्यच, कारण एकाच टप्प्यात असंख्य अंतरे मावतात. प्रवाशाला मात्र याचा प्रांत आणि विस्तार दोन्ही ठाऊक असतात.

मूल्यमापन

सीईटीसारख्या बहुपर्यायी परीक्षांत विस्ताराचा प्रश्न पर्यायांतील संख्या घालून सुटतो. √(९ − क्ष²) साठी य = −१ घेतला की −३ ते ३ हा पर्याय गळतो. तो का गळला, हे लिहिण्यास उत्तरपत्रिकेत जागा नसते. अंतर्गत परीक्षांत तरी प्रश्नाचे शब्द बदलणे महाविद्यालयांच्या हाती आहे. ‘प्रांत व विस्तार काढा’ याऐवजी एकच सूत्र दोन वेगवेगळ्या प्रांतांसह देऊन दोन्ही विस्तार विचारता येतील, किंवा काटछाट केलेले चुकीचे उत्तर छापून त्यातील कोणती संख्या कोणत्या पायरीवर आत आली, हे शोधण्यास सांगता येईल. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर तपासण्यास परीक्षकाला अधिक वेळ लागतो, आणि त्याची तयारी प्राध्यापकांनी ठेवावी लागेल.