चित्र बदललं, अंगणवाडी तीच

मुलगा म्हणजे असा आणि मुलगी म्हणजे अशी, हे साचे बालवाडी-अंगणवाडीच्या वयात कसे पक्के होतात, यावर आज आम्हाला बोलायचं आहे. सुरुवात एका चांगल्या गोष्टीपासून करू.

२०१९ साली बालभारतीचं दुसरीचं नवं पुस्तक आलं. त्यातल्या एका चित्रात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसतात. दुसऱ्या चित्रात वाहतूक पोलीस म्हणून बाई आहे. त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. आमचा आक्षेप कौतुकाला नाही, तिथेच थांबण्याला आहे.

कारण दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. साचे त्याच्या खूप आधी बसतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतं, आणि त्या शब्दात काय काय येतं ते शोधत राहतं. मराठीत बघा, बाळ 'ते' असतं, मूल 'ते' असतं. बालवाडीच्या दारात त्याचं 'तो' नाही तर 'ती' होतं. रांगा दोन, भातुकलीकडे मुली, ठोकळ्यांकडे मुलगे, आणि पडलेल्या मुलाला, "मुलीसारखा काय रडतोस?" यातलं काहीही पुस्तकात छापलेलं नसतं.

ज्याला अजून वाचता येत नाही, त्याचं पुस्तक म्हणजे समोरचं मोठं माणूस. अंगणवाडीत गाणी शिकवते ती बाई, खाऊ वाढते ती बाई, नाक पुसते तीही बाईच. तिच्या पदाचं नावसुद्धा 'सेविका', शिक्षिका नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. या योजनेत सेविका म्हणून स्थानिक बाईच नेमतात, आणि तिला मिळतं ते मानधन, पगार नाही. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. इतकी वर्षं ते कुणाला सुचलं नाही, कारण आपण धरूनच चाललो की बाईला मुलांची माया उपजतच असते, आणि मायेचा कुठे पगार असतो?

यावर कुणी म्हणेल, पण ते खरंच बायकांना चांगलं जमतं ना! मग गिजुभाई बधेकांकडे बघू. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणू लागले. प्रेमानेच म्हणत, पण त्यातला अर्थ ऐका. पुरुष लहान मुलांत रमला तर त्याला आई व्हावं लागतं. बाप किंवा शिक्षक हे शब्द पुरत नाहीत. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी-कोसबाडला आल्या. अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली, परिसरातल्या वस्तूंपासून शिक्षणाची साधनं केली. हे विचारपूर्वक उभं केलेलं शिक्षणशास्त्र होतं. तरी त्यांच्याबद्दल बोलताना आपण आधी 'माया' म्हणतो, 'शास्त्र' नंतर. म्हणजे पुरुषाचं काम आईपणात जमा, आणि बाईचं कौशल्य स्वभावात जमा.

म्हणून आमचं म्हणणं असं. चित्रं बदलत राहावीत, पण सोबत सेविकेला शिक्षिका म्हणा, तिला प्रशिक्षण द्या, वेतन द्या. बायकांची आहे ती नोकरी न हिसकावता नव्या जागांवर पुरुषांनाही येऊ द्या. मानधन आणि वेतन यातला फरक चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. पण आपल्या बाईंशी गावातली मोठी माणसं कशी बोलतात, हे त्याला नक्की कळतं. पुस्तकातले बाबा त्याला तीन वर्षांनी भेटतील. तोवर बायकांची कामं कुठली आणि त्यांची किंमत किती, हे त्याचं शिकून झालेलं असेल.