शेवटी ‘तू’

तुर्की मालिकेतला नायक बॉस्फरसच्या काठावर उभा राहून म्हणतो, ‘सेनी सेवियोरुम’, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आवाज दबलेला, लांबून आल्यासारखा. अर्ध्या क्षणाने त्यावर जॉर्जियन आवाज चढतो, तेच सांगणारा: ‘मिक्वारखार’. मूळ संवाद पुरता न पुसता वरून दुसऱ्याने बोलायचं, ही जॉर्जियात सोव्हिएत काळापासून रुळलेली रीत. सुरुवातीला वैतागच येतो. दोघं एकमेकांचं बोलणं तोडताहेत असं वाटतं. पण प्रेमाच्या कबुलीच्या वेळी या रीतीने मला जे दिलं, ते गुळगुळीत डबिंगने दिलं नसतं.

तुर्की वाक्य फोडून पाहा. ‘सेनी’ म्हणजे तुला, मग प्रेमाचा धातू, आणि अगदी टोकाला ‘उम’, म्हणजे मी. वाक्य ‘तुला’पासून निघतं आणि ‘मी’वर येऊन थांबतं. जॉर्जियन शब्द उलटा चालतो. आरंभीचा ‘म’ म्हणजे ‘मला’, पोटात ‘क्वार’ हे प्रेम, आणि शेवटी ‘खार’, म्हणजे ‘तू आहेस’. प्रेम करणारा इथे कर्ता नाहीच. त्याच्या वाट्याला नुसतं ‘मला’. खालच्या आवाजातला ‘मी’ विरतो न विरतो, तोच वरून ‘तू आहेस’ येतं. कुठल्याही लेखकाने न लिहिलेला हा संवाद दोन भाषांनी मिळून रचलेला आहे.

मराठी कानाला तो परका वाटत नाही. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे आपल्याकडे पडद्यावरचं वाक्य. एसटी स्टँडवर घाबरत घाबरत मुलगा म्हणतो, ‘तू मला आवडतेस’. तिथेही ती कर्ता आणि आपण चतुर्थीत. मात्र ‘आवडतेस’ म्हटलं की समोर मुलगी आहे हे उघड होतं. जॉर्जियनमध्ये व्याकरणातलं लिंगच नाही; ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना ‘इस’. तुर्कीतही दोघांना ‘ओ’. त्यामुळे प्रेमत्रिकोणातलं ‘प्रेम नेमकं कुणावर’ हे गुपित या दोन भाषांमध्ये न सांडता जातं. मराठीत उतरवणाऱ्याला ते एका प्रत्ययात फोडावं लागेल.

लाडाचा एक जॉर्जियन शब्दही जाता जाता सांगायला हवा: ‘गेनात्स्वाले’. तुझ्या जागी मी असो, तुझं दुखणं मला येवो. आजी कानशिलावर बोटं मोडून इडापिडा घेते, त्याच जातीचा.

जॉर्जियन उपशीर्षकं असली, तर ती दिसायला देखणी. तेहतीस गोलसर अक्षरं, देवनागरीसारखीच लहान-मोठी असा भेद नसलेली. पण ‘मिक्वारखार’मधला ‘क’ घशात खोलवर अडवून झटक्याने सोडलेला असतो. मराठीत त्याला अक्षर नाही, आणि वाचून तो कळतही नाही. तेव्हा मजकूर वाचत बसू नका, आवाज मोठा करा.